जुनी ९४४ सेल्फ घेते पण उठत नाही. सुरुवात कुठून करू?

खटारानंद
मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर वाचनमात्र असतो, पण आज गळ्याशी आलंय.

मुक्काम कोलंबस, ओहायो. गाडी १९८७ सालची पोर्शे ९४४. टर्बो नाही, साधी. अडीच लिटर, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. चार वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांकडून घेतली. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून नोव्हेंबरात गॅरेजात लावते आणि एप्रिलात बाहेर काढतो. ('लावते' हा टायपो आहे. लावतो मीच. बायको तिला हातही लावत नाही.)

शनिवारी बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. सेल्फ एकदम दणदणीत, इंजिन गरागरा फिरतंय, पण पकडत नाही. खोकत नाही, फुरफुरत नाही, काही नाही. दहा-बारा वेळा मारून बघितलं. टाकीत पेट्रोल अर्धं आहे, नोव्हेंबरातलंच. नोव्हेंबरात शेवटची फिरवली तेव्हा पहिल्या हाकेला उठली होती.

इथल्या एका वर्कशॉपला फोन केला, तर नुसतं बघायचे दीडशे डॉलर. शिवाय तिथवर न्यायला टो वेगळा. घरून हुकूम आहे की महिन्याभरात सुरू झाली तर ठीक, नाहीतर विकायची आणि त्या जागेवर ट्रेडमिल. मला मल्टीमीटर धरता येतो, पाने आहेत, धीर मात्र कमी आहे. कुठून सुरुवात करू?

सेल्फी_नव्हे_सेल्फ
ट्रेडमिलपासून. ती हमखास सुरू होते. (हलके घ्या.)

रुमालवाला
रुमाल टाकून ठेवतो.

पद्मिनीवल्लभ
आमच्या पद्मिनीचं पावसाळ्यात नेहमी हेच व्हायचं. चोक ओढून दहा वेळा सेल्फ मारला की ओव्हरफ्लो. मग चारही प्लग काढायचे, स्वयंपाकघरात नेऊन गॅसवर तापवायचे, आईची बोलणी खायची, प्लग गरम असतानाच फडक्यात धरून परत बसवायचे. पहिल्या सेल्फला भुर्रकन. १९८४ ते १९९७ या काळात एकदाही दगा नाही. करून बघा.

वंगणवाला
भावा, ह्या गाडीला चोक नाही आन् कार्ब्युरेटरबी नाही. इंजेक्शन हाय. तरी प्लग काढून बघण्यात काय जात नाही. ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय, करंट नाही. कोरडा निघाला तर पेट्रोलच नाही, नाहीतर दोन्ही नाही. तीस वर्षं कोल्हापुरात गॅरेज चालवलं, गाडी कुठलीबी असू दे, पहिला प्रश्न हाच. नाकाचा वापर कर. सेल्फ मारल्यावर सायलेन्सरमागं उभं राहून वास घे.

दोन_नंबरी
सोपा उपाय: दोन पोरं बोलवा, दुसरा गिअर टाका, धक्का मारा.

वंगणवाला
@दोन_नंबरी, सेल्फच फिरत नसला तर धक्का. ह्याचा सेल्फ जोरात फिरतोय म्हणतोय तो. धक्का मारून काय नवीन होणार? पोरं दमतील.

अबोली
टायमिंग बेल्ट कधी बदललाय?

मीटरबाई
खटारानंद, काहीही विकत घेण्याआधी मोजा. क्रमाने:

बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर बघायला सांगा, साडेनऊच्या खाली जाता कामा नये. सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी चांगली, असं धरून चालू नका. दमलेली बॅटरी इंजिन फिरवते, पण कॉम्प्युटरला उपाशी ठेवते.

मग ठिणगी. कॉइलकडून येणारी मधली वायर डिस्ट्रिब्यूटरमधून काढा, तिला एक जुना प्लग लावा, प्लगचं लोखंड इंजिनाला नीट टेकवून ठेवा आणि सेल्फ मारा. वायर हातात धरू नका. पद्मिनीत चिमटा बसायचा तसं समजू नका, या प्रणालीचा झटका वेगळा असतो. आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नको.

खटारानंद
सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी जमलं ते:

बॅटरी १२.५, सेल्फ मारताना १०.६. ठिणगी अजिबात नाही. प्लग कोरडे खडखडीत, पेट्रोलचा वास नाही. म्हणजे वंगणवालांच्या भाषेत दोन्ही नाही.

@सेल्फी_नव्हे_सेल्फ, मीटर बघायला बायकोच उभी होती. एका वाक्यात सांगायचं तर, संवाद झाला.

मीटरबाई
ही चांगली बातमी आहे. ठिणगी आणि पेट्रोल एकाच वेळी गेलं, तर कॉइल आणि पंप दोन्ही एकाच हिवाळ्यात मेले असं सहसा होत नाही. दोघांच्या वर जो बसलाय, तो गप्प आहे.

जुनीपोर्शेप्रेमी
डीएमई रिले! डीएमई म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रिले म्हणजे त्याला वीज देणारा स्विच. डोळे झाकून सांगतो. ९४४ सुरू होत नसेल तर दहातली नऊ वेळा तोच. एका डबीत दोन रिले असतात, एक इंजिनाच्या कॉम्प्युटरला वीज देतो, दुसरा पेट्रोल पंपाला. आतले डाग वयोमानाने तडकतात. जगभर या गाडीवाले ग्लव्हबॉक्समध्ये एक जास्तीचा ठेवून हिंडतात. मागवा आणि बदला, विषय संपला.

मांडवीपार
माझा अनुभव थोडा वेगळा, पण कामाचा. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, आमच्या गोव्यात बनलेली दोन सीटची उघडी गाडी, ११४९ सीसीचं रेनॉचं इंजिन. तिची बॉडी फायबरची. साध्या गाडीत पत्राच अर्थ (अर्थिंग) असतो, कुठेही स्क्रू मारला की काम झालं. फायबरमध्ये वीज कुठून जाणार? प्रत्येक गोष्टीची अर्थची वायर वेगळी ओढावी लागते. तीन पावसाळे मी ती अंगणात ताडपत्रीखाली ठेवली, दोष गाडीचा नाही, माझा. चौथ्या वर्षी सेल्फ मारला की हेडलाइट मंद व्हायचे, वायपर आपोआप हलायचे, गाडी ढिम्म. दोन मेस्त्रींनी कॉइल बदलली. शेवटी एक अर्थची वायर उचलली, तर तिचं टोक हिरव्या भुकटीसारखं हातात आलं. पॉलिशपेपर मारला, नवं टोक लावलं, खर्च चाळीस रुपये.

तर खटारानंदबाब, रिले मागवा हवं तर, पण आधी अर्थची टोकं घासून घ्या.

पद्मिनीवल्लभ
सॅन स्टॉर्म अजून कुणाकडे आहे हे ऐकून डोळे पाणावले. फोटो टाका.

मांडवीपार
पाऊस संपला की टाकतो. सध्या आत कोंबडी अंड्यांवर बसली आहे.

सेल्फी_नव्हे_सेल्फ
म्हणजे निदान कुणीतरी त्या गाडीत काहीतरी उबवतंय.

नेकारकाठचा
अवांतर: मी जर्मनीत नेकार्सउल्मला राहतो. ९४४ वर नाव पोर्शेचं, पण बनायची इथे, आऊडीच्या कारखान्यात. १९८२ ते १९९१. दीड लाखाच्या वर बनल्या. माझ्या घरमालकाने तिथे नोकरी केली, पण ९४४ कधी घेतली नाही. विचारलं तर म्हणाला, "दिवसभर तेच बघितलं, संध्याकाळी पण तेच?"

वंगणवाला
हलवाई पेढे खात नाही, तसंच.

खटारानंद
रिले मागवला, ऐंशी डॉलर. अर्थची टोकं घासली, एक खरंच काळं होतं. रिले आज आला, बसवला. गाडी सुरू झाली नाही.

जुनीपोर्शेप्रेमी
नवा रिले खराब असेल. हल्ली क्वालिटी राहिली नाही.

मीटरबाई
ऐंशी डॉलर वाचले असते. रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७बी या खाचा फ्यूज असलेल्या वायरने जोडल्या की पंप थेट चालतो. मागून घुंई आवाज आला तर पंप जिवंत. त्यात ८७ पण जोडली की कॉम्प्युटरलाही वीज मिळते, म्हणजे रिले नसताना रिलेचं सगळं काम झालं. तरीही उठली नाही, तर दोष रिलेत नाही. तपासणी झाली की वायर लगेच काढा, नाहीतर पंप रात्रभर चालेल.

अबोली
डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आतला रोटर फिरतो का? या इंजिनात रोटर कॅमशाफ्टवरच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच बसतो. कॅम फिरवतो बेल्ट. रोटर स्थिर राहिला तर सेल्फ मारणं तिथेच थांबवा.

आणि बेल्ट कधी बदललाय, ते राहिलं.

खटारानंद
रोटर फिरतोय! म्हणजे बेल्ट ठीक. तिन्ही खाचा जोडल्या तर मागून पंपाचा आवाज आला, मस्त. पण सेल्फ मारला की ठिणगी नाहीच.

अबोली
बेल्ट तुटलेला नाही, एवढंच कळलं.

जुनीपोर्शेप्रेमी
मग सेल्फ मारताना आरपीएमची सुई हलते का ते बघा. या गाडीची जुनी परीक्षा आहे. सुई थरथरली तर स्पीड सेन्सर जिवंत. मेल्यासारखी पडून राहिली तर सेन्सर गेला. रिलेबद्दल मी जरा घाई केली, मान्य.

मीटरबाई
परीक्षा बरोबर, निष्कर्ष अर्धा. कॉम्प्युटरला वीज नसेल तरी सुई पडूनच राहते. म्हणून सुई बघायची ती तिन्ही खाचा जोडलेल्या असताना. तेव्हा नाही हलली तर सेन्सर, त्याची वायर किंवा खुद्द कॉम्प्युटर. शक्यता याच क्रमाने.

खटारानंद
जोडून बघितली. सुई मेलेली. मी पण.

सेन्सर म्हणजे नक्की काय आणि कुठे? कुणी मराठीत सांगेल का? इंग्रजी पानं वाचून डोकं भणाणलंय.

मीटरबाई
इंजिनाच्या मागे, क्लचच्या घराच्या माथ्यावर एका लहानशा ब्रॅकेटमध्ये शेजारीशेजारी दोन सेन्सर आहेत. दोन्ही म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तार. खाली फ्लायव्हील फिरतं. एका सेन्सरसमोरून फ्लायव्हीलच्या कडेचे दात जातात, १३२ आहेत, प्रत्येक दात गेला की तारेत विजेचा बारीक ठोका. त्यावरून वेग कळतो. दुसऱ्यासमोरून फ्लायव्हीलवर बसवलेला एकच स्क्रू जातो, फेरीत एकदा. त्यावरून पिस्टन कुठे आहे ते कळतं. वेग आणि जागा, दोन्ही कळल्याशिवाय कॉम्प्युटर ठिणगी देत नाही, इंजेक्टर उघडत नाही, पंपही लावत नाही. म्हणून तुमचं सगळं एकदम बंद. या गाडीत किल्ली नुसती ऑन केल्यावर पंप वाजत नाही तो याचमुळे.

त्यांच्या वायरींचे प्लग इंजिनाच्या मागच्या बाजूला वरच सापडतील. काढा आणि प्रत्येकाचा रोध मोजा. हजार ओहमच्या आसपास यायला हवा, सहाशे ते सोळाशे चालेल.

वंगणवाला
बाई, असं समजावून सांगणारं कुणी आमच्या गॅरेजला असतं तर अर्धे पार्ट वाचले असते. दंडवत.

आमच्याकडं एक डॉक्टर यायचे. गाडी बंद पडली की पेशंट बघतात तसं स्टेथोस्कोप लावून इंजिन ऐकायचे. शेवटी आम्हीबी एक घेतला. पाईप काढून तिथं सळई लावली. बेअरिंगचा आवाज शोधायला तेवढं चांगलं काही नाही.

दोन_नंबरी
डॉक्टरांची फी किती घेतली?

वंगणवाला
सर्दी-खोकला फुकट, सर्व्हिसिंग फुकट. कुणी हिशोब केला नाही.

खटारानंद
निकाल: एक सेन्सर ९७० ओहम. दुसरा अनंत. मीटर हूं का चूं करत नाही. प्लग बोटात धरला तर प्लास्टिक बिस्किटासारखं फुटलं, आतली तार उघडी. चाळीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजून निघालंय.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. रिले बिचारा निर्दोष.

जुनीपोर्शेप्रेमी
संन्याशाला ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा. एक ना एक दिवस लागेलच. आणि सेन्सर दोन्ही बदला, एक गेला की दुसरा रांगेत असतो. टोक आणि फ्लायव्हील यांच्यातली फट ०.८ मिलिमीटर हवी. तिथे फीलर गेज जात नाही. म्हणून ०.८ जाडीचा वॉशर सेन्सरच्या टोकाला हलका चिकटवायचा, टेकेपर्यंत ब्रॅकेट खाली आणायचं, बोल्ट आवळायचा, मग सेन्सर काढून वॉशर उपटायचा. वॉशर आत पडू देऊ नका.

पद्मिनीवल्लभ
ते ई२० (वीस टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलवाल्यांनी इकडे एक प्रतिसाद द्यावा. माझ्या पद्मिनीच्या रबरी नळ्या फुगल्यात असं मेस्त्री म्हणतो. खरं की काय?

वंगणवाला
जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, खरं हाय. नवीन नळ्या टाक, इथेनॉल चालणाऱ्या माग. पण त्याचा वेगळा धागा काढ भावा, हितं एक पेशंट टेबलावर हाय.

खटारानंद
शनिवार पूर्ण गेला. जुने सेन्सर ब्रॅकेटमध्ये असे रुतले होते की गंजतेल मारून रात्रभर ठेवावं लागलं. ब्रॅकेटचा एक बोल्ट इंजिन आणि मागच्या भिंतीच्या मधे, दिसत नाही, फक्त बोटांना लागतो. फेंडरवर पालथा पडून, डावा हात कोपरापर्यंत आत आणि तोंडात टॉर्च, अशा अवस्थेत शेजारचे आजोबा (गाडीचे माजी मालक) आले आणि म्हणाले, "अरे, तो बोल्ट मीही कधी बघितला नाही."

दोन्ही नवे बसले. फट वॉशरने घेतली. वॉशर परत मिळाला, खिशात आहे. मोजले, दोन्ही हजारच्या आसपास.

सेल्फ मारला. नाही उठली.

रिले जागेवर आहे, सगळं जोडलंय. आता माझा निरोप घ्या. ट्रेडमिल बघायला चाललोय.

सेल्फी_नव्हे_सेल्फ
थांबा हो, या वळणावर कुणी उतरतं का?

मीटरबाई
मधल्या कुठल्याही पायरीला जे हाताळलंत तेच पहिल्यांदा परत बघा. दोन्ही प्लग दिसायला सारखे आहेत का?

खटारानंद
हुबेहूब. रंगसुद्धा. काढताना फोटो काढणार होतो, हात ग्रीसने माखले होते.

नेकारकाठचा
थांबा, आता माझी पाळी. ब्रॅकेटवर अक्षरं कोरलेली असतील, फडक्याने पुसून बघा. एका भोकाशी डीजी, दुसऱ्याशी बीजी. डीजी म्हणजे द्रेत्सालगेबर, द्रेत्साल म्हणजे फेऱ्यांची संख्या, गेबर म्हणजे देणारा. वेग सांगणारा. बीजी म्हणजे बेत्सुग्समार्केनगेबर, खुणेची जागा सांगणारा. आता इंजिनाकडून येणाऱ्या कुठल्या वायरला कुठला सेन्सर, ते जुळतंय का बघा. उलटे लागले तर कॉम्प्युटर एका स्क्रूला दात समजतो आणि १३२ दातांना खूण. मग तो बिचारा काय करणार?

इतकी वर्षं जर्मन शिकून आज पहिल्यांदा मराठी माणसाच्या उपयोगी पडलं.

खटारानंद
डीजी बीजीत आणि बीजी डीजीत होता.

उलटे केले. अर्धा फेरा सेल्फ. उठली!!!

आधी एक ढेकर, मग पांढरा धूर, मग एकसारखी घरघर. बायको दार उघडून बघायला आली. मी काहीच बोललो नाही, नुसता हसत उभा राहिलो. तिने "छान" म्हटलं आणि आत गेली. या घरात याला भारतरत्न म्हणतात.

वंगणवाला
नाद खुळा! पेढे कुरिअर कर.

जुनीपोर्शेप्रेमी
अभिनंदन! दहातली नऊ वेळा रिले असतो, ही दहावी होती.

मीटरबाई
एकूण हिशोब टाका, पुढच्याला उपयोगी पडेल.

खटारानंद
सेन्सर दोन, रिले एक (संन्यासी), गंजतेल, वॉशर. दोनशे डॉलरच्या आत बसलं. वर्कशॉपचे नुसते बघायचे दीडशे होते, म्हणजे फायदाच म्हणायचा. मूळ प्रश्नाचं उत्तर: विकत नाही. ट्रेडमिल तळघरात.

अबोली
अभिनंदन. तिसऱ्यांदा विचारते, बेल्ट कधी बदललाय?

माझी ९४४ न्यू जर्सीत होती. अशीच, छान सुरू होणारी. टर्नपाइकवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, बेल्टचे दात गेले. या इंजिनात बेल्ट सुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. आठही व्हॉल्व्ह वाकले. इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा बेल्ट वेगळा असतो, तो तुटून मुख्य बेल्टमध्ये अडकला तरी तेच. मैल कमी झाले म्हणून काही नाही, रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. जाणकार चार-पाच वर्षांत बदलतातच.

खटारानंद
ताई, चुकलो. मी रोटर फिरला यावर खूश झालो होतो.

आजोबांची फाइल उघडली. एका बिलावर बेल्ट, रोलर, वॉटर पंप सगळं आहे. जून २००९, ९१,१८८ मैल. आणि माझी मैलमोजणी ९१,४०० वर आहे.

अबोली
२१२ मैल, सोळा-सतरा वर्षांत?

खटारानंद
मी चार वर्षांत निदान तीन हजार तरी चालवली आहे. आत्ता फोटो बघतोय. घेतली त्या दिवशीही ९१,४०० च होते.

जुनीपोर्शेप्रेमी
मैलमोजणीतलं प्लास्टिकचं चक्र. ते सगळ्यांचंच तुटतं. मी सांगणारच होतो.

अबोली
सुरू झाल्यापासून चालवलीत का?

खटारानंद
कॉलनीला दोन चकरा. दुसरी जरा जोरात.

अबोली
मारल्या त्या मारल्या. आता किल्ली काढा आणि बेल्ट बदलेपर्यंत वहिनींकडे द्या.

सेल्फी_नव्हे_सेल्फ
वहिनी ती ट्रेडमिलच्या खाली ठेवतील.